हळदीचे द्रव्य कुपीतले आणि ताटातले

हळदीतील कर्क्युमिन, फळांतील क्वेर्सेटिन अशा नैसर्गिक द्रव्यांच्या गोळ्या आज सहज मिळतात. त्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून रक्षण करतील, या श्रद्धेने घेतल्याही जातात. या श्रद्धेला आधार किती, हे तपासून पाहणे हिताचे आहे.

काही कुटुंबांत मोठ्या आतड्यात शेकडो गाठी निर्माण करणारी एक आनुवंशिक व्याधी असते. या गाठींतूनच पुढे कर्करोग उद्भवतो. 2006 साली अशा पाच रुग्णांना कर्क्युमिन व क्वेर्सेटिन एकत्र दिल्यावर सहा महिन्यांत गाठींची संख्या सरासरी 60 टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. 2018 साली 44 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काहींना वर्षभर रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन, तर इतरांना तशाच दिसणाऱ्या निर्द्रव्य गोळ्या दिल्या होत्या. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पहिल्या अभ्यासाची कीर्ती मात्र अद्याप टिकून आहे.

याउलट तंतुमय अन्नाची बाजू अधिक भक्कम आहे. युगांडात अनेक वर्षे शल्यचिकित्सा केलेले डॉ. डेनिस बर्किट यांनी 1971 साली, भरपूर तंतू खाणाऱ्या आफ्रिकी लोकांत हा कर्करोग विरळा असल्याकडे जगाचे लक्ष वेधले. त्यामागील एक कारण पुढे उलगडले. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात व त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशींचे ते मुख्य इंधन होय. प्रयोगशाळेत मात्र तेच कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखताना दिसते. तंतूंनीही सर्व कसोट्या पार केल्या, असे नव्हे. 2000 साली अमेरिकेतील दोन प्रयोगांत, तीन-चार वर्षे तंतू वाढवूनही काढलेल्या गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण घटले नाही. तरीही सर्व पुरावा एकत्र तोलून जागतिक कर्करोग संशोधन निधीने 2018 साली अख्खी धान्ये व तंतुमय अन्न ‘बहुधा संरक्षक’ ठरविले.

शंभर ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे 25 ग्रॅम तंतू असतात, मुगात 17, बाजरीत 11. मैद्यात जेमतेम तीन. प्रौढाने रोज किमान 25 ग्रॅम तंतू घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चातुर्मासात किंवा तिथीला हिरव्या भाज्या वर्ज्य असल्या, तरी कडधान्ये व भाकरी ही उणीव भरून काढू शकतात. मात्र केवळ शाकाहार पुरेसा नाही. मैद्याचे फरसाण, दिवसभराची बैठक आणि वाढता कमरेचा घेर शाकाहाराचा लाभ पुसून टाकू शकतात. नियमित चालण्याने या कर्करोगाचा धोका घटतो, हे निश्चित मानले जाते.

आहार धोका कमी करतो, तो नाहीसा करीत नाही. शौचावाटे रक्त गेल्यास ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने चूर्ण घेत राहणे घातक ठरू शकते. शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, विनाकारण घटणारे वजन, अशक्तपणासह कमी झालेले हिमोग्लोबिन, ही लक्षणे संकोचापोटी घरातही सांगितली जात नाहीत. ती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजेत. आई-वडील वा भावंडांपैकी कोणास हा आजार झाला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता दुर्बिणीची तपासणी केव्हा करावी, हे विचारून घ्यावे. गाठ वेळेत सापडली तर त्याच तपासणीत ती बहुधा काढता येते आणि होऊ घातलेला कर्करोग तेथेच थांबतो. हे काम कोणतीही गोळी करीत नाही.