एप्सम सॉल्ट: नावाचे मीठ, गुणाचे औषध

आपल्या भाषेत मीठ हा विश्वासाचा शब्द आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. म्हणूनच ‘सॉल्ट’ या इंग्रजी शब्दासाठी सरसकट ‘मीठ’ लिहिताना जपावे लागते. रसायनशास्त्रात सॉल्ट म्हणजे लवण. ते खाण्याजोगे असेलच असे नाही. मोरचूदही याच अर्थाने लवण आहे, आणि ते विष आहे. एप्सम सॉल्टविषयी वाचक जे प्रश्न वरचेवर विचारतात, त्यांतील कित्येकांचे मूळ या शब्दभ्रमात आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांचा येथे विचार करू.

एप्सम सॉल्ट म्हणजे काय?

इंग्लंडमधील सरे परगण्यात एप्सम नावाचे गाव आहे. तेथील झऱ्याचे कडू पाणी सतराव्या शतकात रेचक म्हणून प्रसिद्धीस आले. नेहेमाया ग्रू या वैद्याने 1695 साली त्या पाण्यातील लवणावर लॅटिन भाषेत ग्रंथ लिहिला. आज आपण त्यास मॅग्नेशियम सल्फेट म्हणतो. त्याच्या स्फटिकाचे निम्मे वजन पाण्याचेच असते. चव कडू, स्वयंपाकात त्याचा काही उपयोग नाही.

विकत घेताना काय पाहावे?

बाजारात ते औषधी, स्नानासाठी आणि शेतीसाठी अशा तीन प्रकारे मिळते. पोटात घ्यावयाचे असेल तर औषधाच्या दुकानातूनच घ्यावे. वेष्टनावर ‘आय. पी.’ ही अक्षरे, म्हणजे भारतीय औषधकोशातील कसोटीची खूण, तसेच उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व मुदत छापलेली असावी. शेतीचा माल स्वस्त असतो, परंतु तो पोटात घेण्याच्या दृष्टीने शुद्ध केलेला नसतो.

सुटा माल पुडीत बांधून मुळीच आणू नये. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक दिसावयास एप्सम सॉल्टसारखेच असतात. हे आम्ल धातूच्या भांड्यांना चकाकी आणण्यासाठी व गंजाचे डाग काढण्यासाठी वापरतात. पोटात गेल्यास ते प्राणघातक ठरते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या अदलाबदलीने अनेकांचे प्राण गेले, आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत हे साम्य आजही शिकविले जाते. ओळख पटविण्यासाठी चव घेऊन पाहणे हा मार्ग नव्हे. चिठ्ठी नसलेली बरणी सापडली तर ती वापरू नये, एवढाच नियम ध्यानी ठेवावा.

बद्धकोष्ठासाठी ते घ्यावे काय?

हे लवण आतड्यात पाणी धरून ठेवते. त्यामुळे मळ सैल होतो. निरोगी प्रौढाने वेष्टनावरील मात्रा पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळवून क्वचित घेण्यास हरकत नाही. वर भरपूर पाणी प्यावे. मात्र रोजची सवय लावू नये. पोटात तीव्र कळ, उलटी किंवा ताप असता कोणतेही रेचक घेऊ नये. दुखणे अपेंडिक्सचे असल्यास धोका वाढतो.

ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे त्यांनी हे औषध वैद्यांच्या आज्ञेवाचून घेऊच नये. जास्तीचे मॅग्नेशियम मूत्रपिंडच शरीराबाहेर टाकते. ते काम मंदावले की मॅग्नेशियम रक्तात साठते. मग ग्लानी येते, स्नायू ढिले पडतात, रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो आणि अखेरीस हृदयही थांबू शकते. घरातील वृद्धांचे मूत्रपिंड कितपत समर्थ आहे हे पुष्कळदा त्यांनाही ठाऊक नसते. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्याबाबतही आधी डॉक्टरांना विचारावे. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे चालू असल्यास तेही सांगावे, कारण मॅग्नेशियम त्यांना अंगी लागू देत नाही.

रुग्णालयात गरोदर स्त्रीला हेच औषध टोचतात. मग घरी का नको?

रक्तदाब वाढून आकडी येण्याचा धोका असतो, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीत त्याने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो असे दिसले. परंतु ते देताना गुडघ्याची प्रतिक्रिया, श्वास व लघवीचे प्रमाण यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. चमच्याने पोटात घेतलेले लवण ते काम करीत नाही.

कोमट पाण्यात घालून पाय बुडविल्यास आराम पडतो काय?

पडतो, पण त्यातील मोठा वाटा कोमट पाण्याचा व विश्रांतीचा असावा. त्वचेतून मॅग्नेशियम पुरेसे आत शिरते याला भक्कम पुरावा नाही. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी हा उपचार टाळावा. पाणी पोळते आहे हे त्यांना कळत नाही. उघड्या जखमेवर किंवा भाजलेल्या जागीही तो करू नये.

पित्ताशयातील खडे त्याने पडतात काय?

एप्सम सॉल्ट, ऑलिव्ह तेल व फळांचा रस घेतला की हिरवट गोळ्या पडतात, हे खरे. पण तपासणीअंती त्या गोळ्या त्या तेलापासूनच पोटात तयार झालेल्या साबणासारख्या पदार्थाच्या असल्याचे आढळले आहे. मूळचे खडे जागीच राहतात, आणि उपचारास मात्र उशीर होतो.

ते कसे ठेवावे?

घट्ट झाकणाच्या बरणीत, मूळ वेष्टनातील चिठ्ठीसह, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी. मिठाच्या किंवा साखरेच्या डब्याशेजारी कदापि नको. कोरड्या हवेत स्फटिकातील पाणी उडून त्याची भुकटी होते. अशा भुकटीच्या चमच्यात औषधाचे प्रमाण वाढलेले असते. म्हणून ती पोटात घेऊ नये.

चुकून जास्त मात्रा गेली, किंवा घेतलेला पदार्थ भलताच असल्याची शंका आली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये आणि ओकारी काढू नये. उरलेली पुडी अथवा बरणी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. काय घेतले हे डॉक्टरांना दाखविता आले, तर उपचाराची अमोल मिनिटे वाचतात.