सोमलाचे पाणी आणि न मोजण्याचे धोरण

एखाद्या घरात अन्नातून सोमल दिला गेला, तर पोलीस येतात, पंचनामा होतो, आरोपी शोधला जातो. तोच सोमल, म्हणजे आर्सेनिक, सार्वजनिक हातपंपातून वीस वर्षे गावाच्या पोटात गेला, तर ना पंचनामा होतो ना आरोपी सापडतो. ‘खडकातच विष आहे, त्याला कोण काय करणार?’ असे म्हणून शासन हात झटकते. खडकात सोमल निसर्गाने ठेवला, हे खरे. परंतु ते पाणी न तपासता जनतेच्या घशात ओतणे ही निसर्गाची करणी नव्हे. ती राज्यकर्त्यांची आहे.

हा प्रश्न केवळ दूरच्या बंगालचा आहे, या भ्रमात विदर्भाने राहू नये. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेला, राज्याच्या सीमेपलीकडे, अंबागढ चौकीच्या परिसरात कौडीकसा हे गाव आहे. तो भाग मध्य प्रदेशातील राजनांदगाव जिल्ह्यात असताना, 1999 साली, जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही नमुन्यांत लिटरमागे 880 मायक्रोग्रॅमपर्यंत आर्सेनिक निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 मायक्रोग्रॅमची आहे. ग्रामस्थांच्या अंगावर विषाच्या खुणाही आढळल्या. त्याच वर्षी भंडाऱ्यातून गोंदिया हा नवा जिल्हा निर्माण झाला. जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा मंत्रालयात आखल्या जातात. खडक त्या पाळत नाही. डोंगरगढचा प्राचीन खडकपट्टा सालेकसा परिसरातही पसरलेला आहे.

याचा अर्थ नागरा गावच्या विहिरींत सोमल आहे, असा नव्हे. आहे की नाही, हे पाण्याचा रंग, वास किंवा चव सांगत नाही. ते केवळ तपासणीच सांगते. म्हणूनच तपासणीचा आकडा हा नागऱ्याच्या जनतेचा हक्क ठरतो, अधिकाऱ्यांची मेहेरबानी नव्हे.

सोमल शरीरात काय करतो, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. त्याचे एक रूप पेशीतील गंधकयुक्त प्रथिनांना चिकटते आणि अन्नातून शक्ती निर्माण करणारी यंत्रणा बंद पाडते. दुसरे रूप फॉस्फेटचे सोंग घेऊन त्याच यंत्रणेत शिरते आणि निर्माण झालेली शक्ती वाया घालवते. एकाच वेळी मोठी मात्रा पोटात गेली तर उलट्या, भाताच्या पेजेसारखे जुलाब आणि काही तासांत वा दिवसांत मृत्यू. परंतु पाण्यातील विष घाई करीत नाही. ते वर्षानुवर्षे साचते. छातीपाठीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग उमटतात, तळहात व तळपाय खरखरीत होऊन गाठी येतात, हातापायांना मुंग्या येतात. आणि अखेरीस त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोग दबा धरून बसलेला असतो. डागांना लोक महारोग समजतात, आणि विषाचा बळी वाळीत टाकला जातो.

या विषालाही वर्गभेद कळतो. शरीर सोमलाचे रूपांतर करून तो लघवीवाटे बाहेर टाकते. त्यासाठी सकस आहार लागतो. अर्धपोटी माणसात ही क्रिया दुबळी पडते. जागतिक मर्यादा ठरविताना प्रौढ माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो, असे गृहीत धरलेले असते. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणारी मजूर स्त्री दोन लिटरवर कशी भागवील? त्यातच साचलेल्या पाण्याच्या शेतात भाताचे पीक जमिनीतील सोमल सहज ओढून घेते. म्हणजे जिथे पाणी दूषित, तिथे पेला आणि ताट दोन्ही दूषित.

मग उपचार काय? तीव्र विषबाधेवर औषध आहे. दुसऱ्या महायुद्धात सोमलयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी डायमरकॅप्रॉल शोधले. ते सोमलाला धरून शरीराबाहेर काढते. पुढे पोटातून घेता येणारी औषधेही आली. पण पाण्यातून होणाऱ्या जुनाट विषबाधेचे काय? कोलकात्यात डॉ. गुहा मजुमदार यांनी 1998 साली अशा एका औषधाची परीक्षा प्रसिद्ध केली. औषध घेणारे आणि औषधाच्या नावाने निरुपद्रवी गोळी घेणारे, दोघांतही सारखीच सुधारणा दिसली. कारण दोघांचेही दूषित पाणी थांबले होते! म्हणजे या रोगाचे पहिले औषध शुद्ध पाणी, आणि ते दवाखान्यात मिळत नाही. ते राज्यसत्तेच्या हाती असते.

विलंबाची किंमतही ठाऊक आहे. चिलीच्या आंतोफागास्ता शहराला 1958 पासून 1970 पर्यंत सोमलयुक्त नदीचे पाणी मिळाले. शुद्धीकरण सुरू झाल्यावरही पुढे अनेक दशके तेथे कर्करोगाचे मृत्यू अधिकच राहिले.

तरीही शासनयंत्रणांचा इतिहास न मोजण्याचाच आहे. पश्चिम बंगालमधील रोग डॉ. के. सी. साहा यांनी 1983 साली ओळखला. शेजारच्या बांगलादेशात लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या होत्या. 1992 साली ब्रिटिश भूगर्भ संस्थेने तेथील भूजल तपासले, पण आर्सेनिक तपासलेच नाही. पीडितांचा दावा 2006 साली लंडनच्या उमरावांच्या सभेने फेटाळला. आपल्याकडे 2012च्या भारतीय मानकात 10ची मर्यादा घातली गेली, मात्र दुसरा स्रोत नसेल तर 50पर्यंत सवलतही ठेवली होती. ज्याला दुसरे पाणी नाही, त्याने पाचपट विष प्यावे, हा कोणता न्याय?

‘पाणी उकळून प्या,’ हा उपदेश येथे निरुपयोगी आहे. उकळल्याने जंतू मरतात. सोमल मरत नाही, पाणी आटल्याने तो दाटच होतो. ‘शुद्ध पाण्याचा कॅन विकत घ्या,’ हा दुसरा उपदेश तर उघड व्यापार आहे: आधी सार्वजनिक विहिरीवरचा विश्वास घालवायचा, मग तहान बाजारात उभी करायची.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. नागऱ्यातील प्रत्येक सार्वजनिक विहीर, विंधन विहीर व नळयोजना आर्सेनिकसाठी तपासावी. तारखेसह आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहावा. मर्यादेबाहेर गेलेला स्रोत त्याच दिवशी बंद करून शासनाने दुसरे पाणी द्यावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तळहात-तळपायांची तपासणी व्हावी. आकडा निर्दोष निघाला तर कोणाचेच नुकसान नाही. सदोष निघाला तर अनेक जीव वाचतील. कार्यकर्त्यांनी हा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा, मंजूर करून घ्यावा, आणि आकडा फळ्यावर लागेपर्यंत स्वस्थ बसू नये.