प्रयोगशाळेतील त्वचा आणि टोकावड्याचा रुग्ण

मुरबाड तालुक्यातील टोकावडे हे कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. या परिसरातील एखादी स्त्री चुलीपाशी गंभीर भाजली, तर तिला मुरबाड-कल्याण मार्गाने ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची विद्या पन्नाशीची झाली आहे. त्या विद्येचा या स्त्रीला काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

१९७५ साली अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या पेशींचे विभाजन किरणोत्साराने थांबविले आणि त्या पेशींच्या आधारावर मानवी बाह्यत्वचेच्या पेशी वाढवून दाखविल्या. १९८३ साली बोस्टनमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांवर, त्यांच्याच त्वचेच्या लहानशा तुकड्यांपासून वाढविलेले पापुद्रे बसविण्यात आले. दोघेही वाचले. संशोधनात तर ही विद्या आता नित्याची झाली आहे. औषधे व प्रसाधने त्वचेला बाधतात काय, हे सशाच्या पाठीऐवजी अशा पेशींवर तपासता येते. प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारताने २०१४ साली बंदी घातली. संशोधकांना पेशी पुरविणारे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आपल्या पुण्यातच आहे.

तथापि रुग्णाच्या खाटेपाशी चित्र निराळे दिसते. पुरेसे पापुद्रे तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. भाजलेले शरीर तेवढे थांबत नाही. उघड्या जखमेतून द्रव झिरपत राहतो, जंतूंना वाट मिळते. शिवाय हा पापुद्रा केवळ बाह्यत्वचेचा. खालच्या अंतस्त्वचेवाचून तो नाजूकच राहतो. खर्चाची बाब तर निराळीच. म्हणून मधल्या काळात जखम झाकावी लागते ती मृत दात्याच्या त्वचेने. प्रयोगशाळा ही त्वचादानाला पर्याय आहे, ही सुशिक्षितांतही आढळणारी समजूत म्हणूनच घातक आहे.

शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय व पाठीवरील पातळ थर काढला जातो. रक्तगट जुळावा लागत नाही, शरीर विद्रूप होत नाही आणि ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. २०११ च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपणाचा कायदा ऊतींनाही लागू झाला आहे. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती वेळेवर पोहोचणाऱ्या पथकाची.

टोकावड्याला रात्री दहा वाजता कोणी निवर्तले, तर पहाटे चारपर्यंत पथक दाराशी यावयास हवे. निदान तालुक्याच्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना त्वचा काढण्याचे व ती शीतपेटीतून पाठविण्याचे शिक्षण द्यावे. त्याला प्रगत प्रयोगशाळा लागत नाही, आणि ते यंदाच्या अंदाजपत्रकातही बसू शकेल.