एक कोयता

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून नोंद एकच: ‘एक कोयता’. उचल आधीच खर्चलेली, त्यामुळे खाडा झाला की दंड. पाळी असो की ताप, मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. कोपीजवळ ना संडास, ना पुरेसं पाणी.

२०१९ मध्ये सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दुखणं पोटात होतं. त्याचं मूळ मात्र त्या वहीत होतं.

हे केवळ गरिबीचं गाऱ्हाणं नाही. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. तिथे उपाशी कोणी नव्हतं, उपचारही मोफत होते. तरीही तळाच्या हुद्द्यावरच्यांचा मृत्युदर वरच्यांच्या सुमारे तिप्पट भरला. कामावर स्वतःचं काही चालत नसेल, तर शरीर त्याचा हिशेब ठेवतं.

म्हणून या अंकात आम्ही दवाखान्याच्या दाराशी थांबलो नाही. माणूस तिथवर कुठल्या वाटेने आला, तेही पाहिलं आहे.

– संपादक