जमा, नावे आणि इंग्रजी

तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काचेचा एक कारखाना सुरू झाला. त्याचे भांडवल कोणा एका धनिकाच्या तिजोरीतून आलेले नव्हते. अंताजी दामोदर काळे यांनी पैशापैशाची वर्गणी मागत ते जमविण्याचा ध्यास घेतला, लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेमागे आपले बळ उभे केले, आणि जपानात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली मावळात भट्टी पेटली. या उद्योगाचे नाव ‘पैसा फंड’. स्वदेशीची चळवळ ऐन भरात असताना तिच्याच एका उद्योगाच्या नावात अर्धा भाग इंग्रजी होता आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. वर्गणी देणाऱ्या शेतकऱ्याला इंग्रजी येत नव्हते. ‘फंड’ मात्र समजत होता.

पैशाच्या व्यवहारात आपल्या लोकांनी इंग्रजी शब्दाला दारात कधी अडविलेच नाही. बिल, चेक, बँक, शेअर, कमिशन, डिपॉझिट, टॅक्स, रिटर्न हे शब्द ज्या घरात आजीसुद्धा सहज उच्चारते, त्या घराला इंग्रजी येत नाही असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. शब्द आहेत, ते ज्या सुतात ओवायचे ते व्याकरण नाही. आणि शाळेचे इंग्रजी नेमके उलट्या टोकाने सुरू होते. सफरचंद, घोडा, परी, बर्फ! मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आले, त्याआधी कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घोकंपट्टी केली. पण दुकानावर वाढलेल्या मुलाला जे विषय उपजत ठाऊक असतात, त्या विषयांतून त्याला इंग्रजी शिकवावे हे फारसे कोणाला सुचले नाही. ज्याला व्याज कळते त्याला व्याजाचे वाक्य शिकविणे सोपे. बर्फ न पाहिलेल्याला बर्फाची कविता शिकविणे अवघड.

लोणावळ्याच्या बाजारपेठेत शनिवार-रविवारी चिक्कीच्या दुकानापुढे परगावच्या गाड्यांची रांग लागते. गल्ल्यावर बसलेला मुलगा गिऱ्हाइकाला ‘हाऊ मेनी मनी’ असे म्हणून जातो आणि गिऱ्हाईक हसते. वास्तविक मुलाची चूक तर्कशुद्ध आहे. मराठीत ‘पैसे’ हे अनेकवचन; एक पैसा, दोन पैसे असे ते मोजता येतात. इंग्रजीतील ‘मनी’ मात्र तेल-तुपासारखा आहे. तो मोजायचा नसतो, मापायचा असतो. म्हणून त्याला ‘मेनी’ चालत नाही, ‘मच’ लागतो. रुपये, नाणी, नोटा मोजता येतात; तेथे ‘मेनी’ शोभतो. पुढची गंमत अशी की ‘पाचशे रुपये झाले’ असे आपण अनेकवचनी म्हणतो, पण इंग्रजीत पाचशे रुपयांची रक्कम ही एक वस्तू ठरते आणि ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’ असे एकवचनी क्रियापद येते. पाच नोटा पाच असतात. पाचशेची रक्कम एकच. व्यापाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही.

‘उसने’ या शब्दाची कथा याहून मोठी. मराठीत उसने देतात आणि उसने घेतात. शब्द एक, क्रिया दोन. इंग्रजीत मात्र देणाऱ्याचे ‘लेंड’ वेगळे आणि घेणाऱ्याचे ‘बॉरो’ वेगळे. ‘लेंड’पुढे ‘टु’ येतो, ‘बॉरो’पुढे ‘फ्रॉम’. ‘बॉरो मी हंड्रेड रुपीज’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. त्यात धनको आणि ऋणको यांची अदलाबदल झालेली असते, आणि वहीत अशी अदलाबदल झाली तर मुनीमजींची काय अवस्था होईल याचा विचार केला की हा नियम पुन्हा विसरत नाही. आणखी एक फरक सूक्ष्म आहे. ‘मला त्यांचे देणे आहे’ या मराठी वाक्यात कर्ता ‘देणे’ आहे. माणूस ‘मला’च्या आडोशाला उभा राहतो. इंग्रजीत ‘आय ओ हिम’ म्हणताना कर्जदाराला स्वतःच कर्ता होऊन पुढे यावे लागते.

व्याजाच्या बाबतीत एका लहान शब्दात मोठी रक्कम दडलेली असते. आपल्या पेढ्यांवर व्याज दरमहा दरशेकडा बोलण्याची जुनी रीत आहे. ‘दीड टक्का’ म्हटले की महिन्याला शंभरास दीड रुपया, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला अठरा. बँकेच्या कागदावर ‘पर अ‍ॅनम’ असते, म्हणजे दरसाल. क्रेडिट कार्डाच्या पत्रकावर ‘पर मंथ’ही छापलेले असते आणि तेथील लहानसा आकडा पाहून पुष्कळांना तो वर्षाचा वाटतो. ‘पर’नंतरचा शब्द वाचल्याशिवाय आधीच्या आकड्याला काही अर्थ नाही.

तथापि व्यापारी घराला खरा गोंधळात टाकणारा शब्द ‘क्रेडिट’ हाच. माल ‘क्रेडिट’वर दिला म्हणजे उधार दिला. खात्यात रक्कम ‘क्रेडिट’ झाली म्हणजे जमा झाली. उधार आणि जमा, दोहोंसाठी एकच शब्द कसा? शब्दकोश दोन्ही अर्थ एकाखाली एक देऊन मोकळा होतो. उत्तर शब्दाच्या मुळात आहे. विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातील ‘श्रद्धा’ या शब्दाशी लावतात. दुकानदार गिऱ्हाइकावर विश्वास टाकून माल देतो, ते क्रेडिट. खातेदार बँकेवर विश्वास टाकून पैसे ठेवतो, तेही क्रेडिट. मराठीतील ‘पत’ हा शब्द याच्या अगदी जवळचा. पतपेढी, पतसंस्था ही नावे त्याच समजुतीतून घडलेली. ‘डेबिट’चा धातू वेगळा. त्याचा अर्थ देणे लागणे. ‘डेट’ आणि ‘ड्यू’ ही त्याचीच भावंडे, आणि ‘डेट’च्या स्पेलिंगमधला मुका ‘बी’ ही त्या जुन्या लॅटिन नात्याची खूण आहे.

मग बँकेचे पत्रक वाचताना आणखी एक अडचण येते. देशी नामा जाणणारा म्हणतो, बँकेत पैसे भरले तर माझ्या वहीत बँकेच्या नावे पडतात; पत्रकात मात्र ‘क्रेडिटेड’ लिहिलेले. चूक कोणाचीच नाही. पत्रक हे बँकेच्या वहीचे पान आहे, आपल्या वहीचे नव्हे. तिच्या वहीत खातेदार धनको असतो, म्हणून त्याच्या खाती जमा. वहीपूजनाला बसणाऱ्या घरांना आणखी एक गोष्ट आठवत असेल: आपल्या चोपडीत जमेची बाजू डावी आणि नावेची उजवी, तर इंग्रजी खातेवहीत डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे. त्यामुळे केवळ भाषा बदलून भागत नाही, पानही आरशात धरावे लागते. जुन्या मुनिमांपैकी ज्यांनी दोन्ही पद्धती सांभाळल्या, त्यांना भाषांतरकार का म्हणू नये?

मोबाइलवरील संदेशाचे व्याकरणही याच रांगेत बसते. ‘युवर अकाउंट हॅज बीन डेबिटेड’ या वाक्यात खाते कर्ता दिसते, पण ते काही करीत नाही. त्याच्यावर क्रिया झालेली असते. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. क्रिया कोणी केली हे वाक्य सांगत नाही, म्हणून ते आपण विचारायचे. ‘पे’ आणि ‘रिसीव्ह’ यांतील फरक तर दुकानावरील प्रत्येकाला, हमाल आणि पोऱ्यासकट, शिकविलाच पाहिजे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला गेला की तो पैसे देण्याचा व्यवहार असतो. ‘तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका’ असे सांगणाऱ्या ठगाचा सारा धंदा या दोन क्रियापदांच्या गोंधळावर चालतो.

घरच्या घरी धडा घ्यावयाचा तर पाठ्यपुस्तक खिशातच आहे. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर लिहून देतात: ‘आय प्रॉमिस टु पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज.’ ‘प्रॉमिस’नंतर ‘टु’ आणि मूळ क्रियापद येते, हा नियम याहून चांगल्या उदाहरणाने कोण शिकवील? ‘बेअरर’ म्हणजे बाळगणारा, धारक. लहान मुलाला त्यात अस्वल दिसले तर त्याला रागावू नये, स्पेलिंग खरोखरच तसे आहे. मागच्या बाजूस पंधरा भाषांची पट्टी आहे, तिच्यात मराठी ओळ शोधण्याचा खेळ मुलांना आवडतो. एक रुपयाची नोट सापडली तर तीही शेजारी ठेवावी. तिच्यावर हे वचन नाही, कारण ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.

नोटेनंतर चेक. त्यावर ‘पे’ शब्दापुढे ज्याचे नाव लिहितात तो ‘पेई’, देणारा तो ‘पेअर’. इंग्रजीत शेवटी ‘ई’ लागला की क्रिया ज्याच्याकडे जाते तो, ‘अर’ लागला की ती करणारा. एवढे ध्यानात आले की ‘ड्रॉअर’ आणि ‘ड्रॉई’, ‘एम्प्लॉयर’ आणि ‘एम्प्लॉयी’ या जोड्या आपोआप उलगडतात. अक्षरी रक्कम लिहिताना ‘फोर’मधला ‘यू’ ‘फोर्टी’त गळतो, आणि शेवटी ‘ओन्ली’ लिहितात, जसे आपण ‘मात्र’ लिहितो. हा ‘ओन्ली’ शोभेचा नाही. त्याच्यापुढे कोणाला काही वाढविता येऊ नये म्हणून रकमेच्या शेवटी घातलेले ते कुंपण आहे.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. तो कामशेतचा असो की वडगावचा, आपल्या घरांत तो नवा नाही. भाच्याला धंद्यासाठी कर्ज हवे आहे. बँकेने जामीन मागितला आहे. मामा सत्तरीचे, शब्दाला जागणारे. कागद इंग्रजीत आहे, बारा पाने. ‘सही म्हणजे नुसती ओळख,’ असे कोणीतरी सांगते आणि पेन पुढे येते. नातीने मात्र कागद हातात घेतला आहे.

‘आजोबा, थांबा जरा. यात जॉइंटली अँड सेव्हरली असं लिहिलंय.’

‘म्हणजे अनेकांनी मिळून, नाही का गं? सेव्हरल म्हणजे अनेक.’

‘मीही तसंच समजले होते. पण इथे तसं नाही.’

येथे तसे खरोखरच नाही. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक हे शाळेत शिकलेले असते. ‘सेव्हरली’ या क्रियाविशेषणाचा कायद्यातील अर्थ ‘प्रत्येकाकडून वेगवेगळेपणाने’ असा आहे. म्हणजे बँक सर्वांना मिळून धरू शकते, तशीच एकट्या मामांकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. आधी भाचा, तो बुडाला तर मग मामा, अशी पायरी त्यात गृहीत धरलेली नाही. ‘ऑन डिमांड’ म्हणजे मागितल्याबरोबर. ‘शॅल’ म्हणजे करावेच लागेल. ‘मे’ म्हणजे वाटल्यास. बारा पानांत जामीनदारापुढे बहुतेक ठिकाणी ‘शॅल’ आहे आणि बँकेपुढे ‘मे’.

परंतु त्याच कलमात एक ‘अनलेस’ही आहे: करारात वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे जबाबदारीला मर्यादा घालून घेता येते, बँकेने ते मान्य केले पाहिजे इतकेच. भाच्याला नाही म्हणणे मामांच्या जिवावर येते, आणि डोळे मिटून सही केली तर धाकट्या मुलाचे दुकान पणाला लागते. नात दोन शब्द सुचविते, ‘नॉट एक्सीडिंग’. अमुक रकमेपेक्षा अधिक नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आणि नात मिळून बँकेत जातात. अधिकारी वरिष्ठांना विचारतो, दोन दिवस जातात, आणि सुधारलेला कागद येतो. रकमेची जागा कोरी आहे. मामा खिशातले स्वतःचे पेन काढतात, नातीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिलेली अक्षरे एकेक करून उतरवितात, ‘फोर्टी’पाशी थबकून ‘यू’ गाळतात, आणि शेवटी जरा ठळक हाताने ‘ओन्ली’ लिहून उरलेल्या जागेवर रेघ मारतात.