‘शाया’ला चूक म्हणू नका

नंदुरबारच्या बाजारात कान दिला तर डोळा ‘डोया’ होतो, काळा ‘काया’ आणि शाळा ‘शाया’. खानदेशातल्या अहिराणी बोलीची ही खूण. ‘ळ’साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं, ‘य’ला ती नुसती उचलली की पुरे. सोपं पडतं तेच तोंडात बसतं.

जगभर असंच चालतं. जपानीत ‘लिहून’ या अर्थाचं ‘काकिते’ झिजून ‘काइते’ झालं, आणि आज तेच प्रमाण मानलं जातं. परका शब्द घेतानाही ‘मिल्क’चं ‘मिरुकु’ होतं, कारण तिथे अशी जोडव्यंजनं जिभेला रुळलेली नाहीत.

प्रमाण मराठी तरी कुठे वेगळी? संस्कृत ‘सप्त’ प्राकृतात ‘सत्त’ झालं, मग आपलं ‘सात’. त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. सातपुड्यातल्या काही भिली बोलींत त्याच ‘स’चा ‘ह’ होतो, तेव्हा मात्र पोराला वर्गात हसतात. हा सरळ अन्याय आहे.

ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने 1907 सालीच भिली आणि खानदेशीला नवव्या खंडाच्या एका भागात जागा दिली होती. तेव्हा पहिलीच्या वर्गात मूल ‘शाया’ म्हणालं, तर बाईंनी आधी ते मान्य करावं. ‘शाळा’ लिहायला मग शिकवावं.