बाराव्याच्या आत एक वही आणा

घरातला कर्ता माणूस गेला की पहिले दहा-बारा दिवस घर भरलेलं असतं. हॉलमध्ये सतरंजी, शेजारच्या फ्लॅटमधून येणारा चहाचा थर्मास. येणारा प्रत्येक जण त्याच्याबद्दल काहीतरी सांगून जातो. तेरावं झालं की मंडळी आपापल्या कामाला लागतात आणि ते सांगणंही थांबतं.

म्हणून बाराव्याच्या आत एक दोनशेपानी वही आणा. घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या मुलीकडे किंवा भाच्याकडे द्या. कोणी काय सांगितलं, ते त्याच रात्री लिहून ठेवायचं. सांगणाऱ्याचं नावही लिहायचं. शुद्धलेखनाची काळजी नको.

"फार देवमाणूस हो" एवढंच कोणी म्हणालं, तर तिथे सोडू नका. हळूच विचारा, काय केलं होतं त्यांनी? मग खरं काय ते निघतं. कोणाच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी दिवसभर रांगेत उभे राहिले. अर्नाळ्याहून बोंबील आणले आणि निम्मे वाटेतच वाटून टाकले, म्हणून घरी बोलणी खाल्ली.

आपल्या विरारच्या माणसाचं अर्धं आयुष्य गाडीत जातं, हे विसरू नका. १८६७ साली विरारहून मुंबईत बॅकबेला गाडी सुटली. तेव्हापासून विरारकर पोटासाठी मुंबई गाठतोच आहे. अंधारात निघून मुलं झोपल्यावर परतणारा बाप घरी कमीच बोलायचा. गाडीतल्या ग्रुपशी मात्र रोज दोन-तीन तास बोलायचा. तिथे तो पत्त्यांत चिडायचा, भजनात टाळ धरायचा, दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचा. हा बाप तुम्ही पाहिलेलाच नाही. त्याच्या मोबाइलमध्ये गाडीच्या वेळेच्या नावाचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप सापडेल. त्यातल्या दोघा-तिघांना घरी बोलवा. रविवारी बोलवा. बाकीचे दिवस ती माणसं स्वतःच्या घरालाही मिळत नाहीत.

त्याचा नंबर घाईने बंद करू नका. बँकेचे मेसेज त्यावरच येतात. बरेच महिने रिचार्ज झालं नाही की कंपनी तो नंबर दुसऱ्या कोणाला देऊन टाकते. म्हणून सगळे व्यवहार मिटेपर्यंत छोटं रिचार्ज चालू ठेवा. त्याने पाठवलेले व्हॉइस मेसेज तुमच्या फोनमध्येही असतील. "येताना कोथिंबीर आणू का?" एवढाच असला तरी पुसू नका. सगळे एका पेनड्राइव्हवर उतरवा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते, की जुन्या अल्बममधले फोटो प्लास्टिकला चिकटून बसतात. ओढू नका, चेहराच निघून येतो. आहे तसाच मोबाइलने टिपून घ्या. सुट्ट्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहा. पेनाची शाई पुढे उमटते. हे करताना आत्याला शेजारी बसवा. मागच्या रांगेतली माणसं तिच्याशिवाय कोणाला ओळखू येणार?

चौकात बॅनर लावू नका. विनापरवाना लावला तर तो गुन्हा आहे, आणि पहिल्या वाऱ्याला तो नाल्यात जातो. मोबाइलवर श्रद्धांजली टाकताना जन्मतारीख आणि घरचा पत्ता टाकू नका. वाचणारे सगळेच सज्जन नसतात. जेवणावळीसाठी कर्ज काढू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. माणूस हॉस्पिटलमध्ये वारला तर नोंद तिथून जाते. घरी वारला तर ती तुम्हाला करावी लागते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या.

आता जरा कडू बोलतो. बाहेर त्याचे गोडवे गायचे आणि आत त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या, हे मला पटत नाही. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली. कुंकू पुसणं नाही, मंगळसूत्र काढणं नाही. त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या गावांना हेच करायला सांगितलं. एक खेडं हे करू शकतं, तर आपल्या सोसायट्यांना काय झालं? तिला कोपऱ्यात बसवू नका. फोटोला पहिला हार तिला घालू द्या. पुढे घरात लग्नकार्य निघालं, तर तिला मागे ठेवू नका. आणि वहीत तिचं सगळ्यात जास्त येऊ द्या.

ती म्हणेल, मला काय लिहिता येतंय? लक्ष्मीबाई टिळकही शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला नवऱ्यानेच, रेव्हरंड टिळकांनी, शिकवलं. ते १९१९ साली गेले. पुढे लक्ष्मीबाईंनी त्यांच्या आठवणी लिहिल्या, आणि १९३४ पासून त्या 'स्मृतिचित्रे' या नावाने छापून येऊ लागल्या. त्यात टिळकांचा तापटपणा आहे, विसराळूपणा आहे, घरात काही नसताना असलेलं देऊन टाकणं आहे. म्हणून तर वाचणाऱ्याला टिळक आजही आपल्या घरातले वाटतात. तेव्हा तुमच्या वहीतही त्याचा राग येऊ द्या, पैशावरून झालेली भांडणं येऊ द्या. नुसतं चांगलं लिहिलंत तर नातवंडं दोन पानांत कंटाळतील.

तिला हातात पेन नको असेल, तर नातीने विचारावं आणि फोनवर बोलणं रेकॉर्ड करावं. दुपारी, जेवणं झाल्यावर. एका वेळी अर्धा तास पुरे. रडू आलं तर तिथे थांबा, पुन्हा चार दिवसांनी बसा.

वर्षश्राद्धापर्यंत वही बरीच भरलेली असेल. वसई-विरारच्या ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावून सगळे एकत्र जमतात, तो दिवसही वाचनाला चांगला. जमलेल्यांपुढे वहीतली दोन-तीन पानं मोठ्याने वाचा. हसू आलं तर हसा, त्यात काही वावगं नाही. मग वहीच्या झेरॉक्स काढून प्रत्येक भावंडाला एक द्या. मूळ वही मात्र आईकडेच राहू द्या.